कृश देहातील साखर

मधुमेह म्हटला की सुटलेले पोट, बैठे काम आणि गोडाधोडाचा सोस असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथे भरलेल्या जागतिक मधुमेह परिषदेत या चित्राला छेद देणारी घोषणा झाली. कुपोषणाशी निगडित असलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'पाचव्या प्रकारचा मधुमेह' असे स्वतंत्र नाव दिले. त्याआधी जानेवारीत याच विषयावर वेल्लोर येथे तज्ज्ञांची बैठक झाली होती. जगात अशा रुग्णांची संख्या दोन ते अडीच कोटींच्या घरात असावी, असा या घोषणेमागील तज्ज्ञांचा अंदाज आहे आणि त्यांतील मोठा वाटा आशिया व आफ्रिका खंडांचा आहे. पहिला आणि दुसरा प्रकार सर्वपरिचित असताना एकदम पाचवा कोठून आला, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. मधल्या क्रमांकांना सर्वमान्य असे स्थान नाही, एवढेच त्याचे उत्तर. परंतु क्रमांकापेक्षा महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. मधुमेह हा सुबत्तेचा रोग, ही समजूत भारताच्या बाबतीत अपुरी असल्याचे पुरावे गेली तीन दशके महाराष्ट्रातूनच पुढे येत आहेत. त्या पुराव्यांचा धोरणावर काय परिणाम झाला, याची तपासणी या निमित्ताने व्हायला हवी.

हा रोग नवा नाही. जमैकातील काही कृश रुग्ण पहिल्या वा दुसऱ्या प्रकारात बसत नाहीत, हे ह्यू-जोन्स या डॉक्टरांनी १९५५ मध्येच नोंदवले होते. पुढे ओडिशातील कटकसारख्या ठिकाणांहूनही अशीच निरीक्षणे आली. वय तिशीच्या आतले, अंगावर मांस नाही, रक्तातील साखर अफाट वाढलेली. मात्र इन्शुलिन न मिळाल्यास पहिल्या प्रकारच्या रुग्णाला जी जीवघेणी आम्लता होते, ती यांना सहसा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये 'कुपोषणजन्य मधुमेह' हा वर्ग आपल्या वर्गीकरणात समाविष्ट केला आणि १९९९ मध्ये तो वगळला. निव्वळ कुपोषणामुळे मधुमेह होतो असे सिद्ध करणारा पुरावा अपुरा आहे, हे त्याचे कारण. निर्णय शास्त्राच्या कसोटीवर समजण्याजोगा होता. परिणाम मात्र असा झाला की ज्या वर्गाला नाव नाही, त्याच्यासाठी संशोधनाला पैसा नाही आणि उपचाराची मार्गदर्शक तत्त्वेही नाहीत. खेड्यापाड्यांतील रुग्ण जिथल्या तिथे राहिले, त्यांची नोंद करण्याचा रकाना तेवढा नाहीसा झाला.

तो रकाना पुन्हा उघडण्यास कारणीभूत ठरले ते वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि न्यूयॉर्कचे अल्बर्ट आईनस्टाईन कॉलेज ऑफ मेडिसिन यांचे संयुक्त संशोधन. डॉ. निहाल थॉमस व डॉ. मेरेडिथ हॉकिन्स यांच्या पथकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कृश मधुमेहींची अत्यंत काटेकोर चाचणी केली होती. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. या रुग्णांत उलट आढळले. शरीर इन्शुलिनला दाद देते, परंतु स्वादुपिंडातून ते पुरेसे स्रवतच नाही. यकृतात आणि पोटाच्या आत साचलेली चरबीही त्यांच्यात कमी होती. पहिल्या प्रकारातील स्वप्रतिकारशक्तीचा बिघाड आणि ज्ञात जनुकीय दोष हे दोन्ही आधीच वगळलेले असल्याने, हा वेगळाच विकार आहे असा निष्कर्ष काढण्यात आला.

या फरकाला उपचाराच्या दृष्टीने मोल आहे. कृश आणि तरुण रुग्ण दिसला की तो पहिल्या प्रकारचा, असे गृहीत धरून त्याला इन्शुलिनची पूर्ण मात्रा सुरू होते. ज्याच्या घरी दोन वेळच्या जेवणाची खात्री नाही, त्याला अशी मात्रा दिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. दुसऱ्या प्रकारचा समजून 'वजन कमी करा, जेवण कमी करा' असा सल्ला दिला, तर आधीच अर्धपोटी असलेल्याची उपासमार. निदान नेमके करायचे तर सी-पेप्टाइड आणि प्रतिपिंडांच्या तपासण्या लागतात. त्यांचा खर्च आणि त्यांची उपलब्धता पाहता तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टरकडे रुग्णाच्या अंगकाठीकडे पाहून अंदाज बांधण्याखेरीज फारसा पर्याय नसतो.

असे असले तरी बँकॉकच्या घोषणेवर घेतले जाणारे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. वेल्लोरच्या त्या अभ्यासातील कृश मधुमेही जेमतेम वीस होते आणि सर्व पुरुष होते. ते लहानपणी किंवा आईच्या पोटात असताना कुपोषित होते काय, हे मोजण्याचा मार्ग संशोधकांकडे नव्हता. आजचे कमी वजन हीच कालच्या कुपोषणाची खूण मानावी लागली. त्यात आणखी एक मेख आहे. मधुमेह आटोक्यात नसेल तर वजन झपाट्याने उतरते. तेव्हा माणूस कृश म्हणून मधुमेही झाला की मधुमेही म्हणून कृश, हे दवाखान्यात आलेल्या रुग्णाला पाहून सांगता येत नाही. १९९९ मध्ये जी शंका होती ती बव्हंशी तशीच आहे. तिचे उत्तर मिळवायचे तर रोग झाल्यावर मागे वळून पाहण्याऐवजी जन्माआधीपासून पुढे पाहत जाणारा अभ्यास हवा. असा अभ्यास एका सरकारच्या, एका अनुदानाच्या किंवा एका संशोधकाच्या उमेदीच्या काळात पुरा होत नाही. सुदैवाने तो पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चालू आहे.

रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधील साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर, कॅरोलिन फॉल आदी संशोधकांच्या सहकार्याने तो सुरू केला. कमी वजनाने जन्मलेल्या बालकांना प्रौढपणी हृदयविकार आणि मधुमेह अधिक प्रमाणात होतो, हे बार्कर यांचे प्रतिपादन तेव्हा वादग्रस्त होते. ते तपासायला पुण्याच्या परिसराइतकी योग्य जागा क्वचितच सापडली असती. गावातील विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीच नोंद झाली. त्या काय आणि किती खातात, शेतात व घरात किती राबतात, पाणी किती लांबून आणतात, हे सारे टिपले गेले. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. येथवर अनपेक्षित असे काही नव्हते. अनपेक्षित होते ते पुढचे. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव इंग्रज बाळांच्या तुलनेत बरेच लहान होते. पण त्वचेखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, त्या मानाने फारशी कमी नव्हती. हाडकुळे दिसणारे बाळ आतून स्थूल होते. 'बारीक पण चरबीयुक्त भारतीय बाळ' ही संज्ञा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात रूढ झाली.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि या संशोधनाचे सार सामान्य वाचकापर्यंत पोहोचले. दोघांचाही देहभार निर्देशांक, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजन, अगदी सारखा; २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते आणि याज्ञिक यांचा व्यायाम लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठण्यापुरता, अशी मिस्किल कबुलीही त्यात होती. गमतीचा भाग सोडला तरी वजनकाट्यावर भारतीय माणसाचे खरे माप निघत नाही, हा मुद्दा पक्का झाला. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी सहमतीने लठ्ठपणाची मर्यादा पाश्चात्त्यांच्या ३० ऐवजी २५ वर आणली, ती याच दिशेने साचत गेलेल्या पुराव्यामुळे.

सहा गावांतील मुले वाढत गेली तसा पुरावाही वाढत गेला. यांतील बहुतेक मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. फोलेटची मात्र क्वचितच. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासणी झाली तेव्हा, गरोदरपणी ज्यांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते अशा मातांच्या मुलांत इन्शुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने खळबळ उडाली, कारण फॉलिक आम्लाच्या गोळ्या हा आपल्या मातृआरोग्य कार्यक्रमाचा कणा आहे. येथे गैरसमज नको. बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यासाठी फॉलिक आम्ल आवश्यकच आहे आणि ते बंद करा, असे कोणीही म्हटलेले नाही. प्रश्न त्याच्या जोडीला बी-१२ का नाही, हा आहे. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. ज्या घरातले दूध सकाळी डेअरीच्या किटलीत जाते आणि चहापुरतेच मागे उरते, त्या घरातल्या भाकरी-भाजीत ते येणार कोठून?

अठराव्या वर्षी या मुलांची पुन्हा तपासणी झाली. जवळपास निम्मी मुले-मुली तेव्हाही कमी वजनाची होती. तरीही त्यांच्यातील लक्षणीय संख्येच्या रक्तात साखर सामान्य मर्यादेपेक्षा वाढलेली निघाली, मुलींपेक्षा मुलांमध्ये अधिक. ज्यांची वाढ गर्भात खुंटली होती आणि ज्यांची उपाशीपोटीची साखर लहानपणापासूनच वरच्या अंगाला होती, त्यांच्यात हा बिघाड प्रामुख्याने दिसला. मोठेपणी चैनीत राहून ओढवून घेतलेला हा रोग नव्हे, त्याची मुळे स्वादुपिंडाच्या जन्मापूर्वीच्या घडणीत आहेत, असे म्हणण्यास आता दवाखान्यातील वीस रुग्णांपेक्षा भक्कम आधार आहे. सहा गावांतील तरुण 'पाचव्या प्रकारा'चे रुग्ण आहेत, असा याचा अर्थ नाही. किंबहुना त्यांच्याकडे पाहिले की हे कप्पे किती कृत्रिम आहेत हेच जाणवते. तरुणपणी मधुमेह झालेल्या भारतीय रुग्णांच्या एका मोठ्या समूहाचे स्वीडनमधील रुग्णांशी तुलना करणारे विश्लेषण पुण्याच्या संशोधकांच्या सहभागाने २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दुसऱ्या प्रकाराचे म्हणून गणलेल्या भारतीय रुग्णांतही सर्वांत मोठा गट इन्शुलिनच्या तीव्र कमतरतेचा निघाला. कृश मधुमेही हा अपवाद आणि स्थूल मधुमेही हा नियम, अशी विभागणी आपल्याकडे मुळातच कच्च्या पायावर उभी आहे.

रोगाचे मूळ गर्भात असेल तर उपायही तेथे नेता येतो काय, याची चाचणी मुंबईने घेतली. पुण्याच्या गावांत हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक खाणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी होती, हे २००१ मध्येच दिसले होते. तो धागा पकडून २००६ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये डॉ. रमेश पोतदार, कॅरोलिन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांचा प्रयोग हाती घेतला. एका गटाला पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ रोज द्यायचा, दुसऱ्या गटाला कमी पोषक घटक असलेल्या भाज्यांचा. खाऊ गोळी किंवा भुकटीच्या रूपात नव्हता, तर समोशासारखा हातात घेऊन खाण्याजोगा होता. गर्भधारणेची वाट न पाहता तो आधीपासून सुरू करायचा, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य.

निष्कर्ष सरधोपट निघाले नाहीत. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्या मातांची बाळे मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. तीही सर्वच मातांची नव्हे. ज्या स्त्रिया फारच कृश होत्या, त्यांच्या बाळांच्या वजनात वाढ दिसली नाही. एका खाऊने पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार भरून निघत नाही, हे यातून दिसले. परंतु ज्याकडे सर्वाधिक लक्ष जायला हवे तो निष्कर्ष वेगळा आहे. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्या गटात १२.४ टक्के असताना पोषक खाऊ घेणाऱ्यांत ते ७.३ टक्क्यांवर आले. गरोदरपणी मधुमेह झालेल्या आईला पुढे तो कायमचा जडण्याचा धोका मोठा असतो आणि तिच्या बाळालाही. कोणत्याही औषधाविना, पालेभाजी आणि दुधाच्या बळावर एवढी घट होणे हे कोणत्याही देशाने मिरवावे असे यश होते. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आपल्या पोषण कार्यक्रमांच्या रचनेत त्याची छाया शोधूनही सापडत नाही.

कारण हे कार्यक्रम सुरू होतात तेव्हा उशीर झालेला असतो. अंगणवाडीतील पूरक आहार गरोदरपणाची नोंद झाल्यावर मिळतो. आदिवासी भागातील मातांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेली अमृत आहार योजना ही स्तुत्य असली तरी तीही गरोदर व स्तनदा मातांचीच. किशोरवयीन मुलींसाठी केंद्राची स्वतंत्र योजना होती. २०२१ नंतरच्या फेररचनेत ती चौदा ते अठरा वयोगटापुरती आणि ईशान्येकडील राज्ये व आकांक्षित जिल्हे यांच्यापुरती उरली. महाराष्ट्रात असे जिल्हे चार : नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. ज्या पुणे जिल्ह्याने जगाला हा विषय शिकवला तो त्यात नाही, आणि ज्या मुंबईत खाऊचा प्रयोग झाला तीही नाही. शाळकरी मुलींना आठवड्याला मिळणाऱ्या गोळीत लोह आहे, फॉलिक आम्ल आहे; बी-१२ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील दर पाच स्त्रियांमागे एक कमी वजनाची होती, आणि त्याहून थोड्या अधिक स्त्रिया वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या. एकाच राज्यात, अनेकदा एकाच गल्लीत, दोन्ही टोके आहेत, आणि मधुमेहाची वाट दोन्हीकडून जाते.

निदानाची कथाही याहून वेगळी नाही. सरकारी तपासणी मोहीम तिशीच्या पुढच्यांसाठी आहे. आशा कार्यकर्ती जो तक्ता भरते त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, श्रम आणि आई-वडिलांचे आजार विचारले जातात. पंचवीस वर्षांचा, सडपातळ, अंगमेहनत करणारा तरुण या तक्त्यात धोक्याच्या रेषेच्या कितीतरी अलीकडे राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले तेव्हा १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावरचे, हे आकडे गाजले. गोव्यात हे प्रमाण देशात सर्वाधिक, २६.४ टक्के, असल्याचेही गाजले. उत्तर प्रदेशात ते ४.८ टक्के म्हणजे सर्वांत कमी होते. पण तेथे उंबरठ्यावरच्यांचे प्रमाण मधुमेहींच्या कितीतरी पट आहे, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. उद्याचे रुग्ण आजच्या गरीब प्रदेशांतून येणार आहेत.

नेमक्या याच काळात संशोधनाचा आणि बाजाराचा ओघ दुसरीकडे वळला आहे. वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात दाखल झाली. मार्चमध्ये टिर्झेपेटाइड, जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने स्वस्त पर्यायांची तयारी देशी कंपन्यांनी आधीपासून चालवली होती. या औषधांचे गुण नाकारण्याचे कारण नाही. लठ्ठपणाने गांजलेल्या मधुमेहींना त्यांनी खरोखरच दिलासा दिला आहे. पण ती सिद्ध झाली कोणाच्या देहावर? २०२१ मध्ये सेमाग्लुटाइडची मातब्बरी जगाला दाखवणाऱ्या पहिल्या मोठ्या चाचणीत १,९६१ जण होते. त्यांचे सरासरी वजन होते १०५ किलो आणि त्यांतील तीनचतुर्थांश गौरवर्णीय. पुण्याच्या गावांतील माता ४२ किलोची. ज्याच्या अंगावर स्नायूच मोजके आहेत, त्याची भूक मारणाऱ्या औषधाने चरबीबरोबर आणखी काय जाईल, याचे उत्तर त्या चाचणीत शोधण्यात अर्थ नाही. ते भारतीय रुग्णांवरच, कृश रुग्णांना सामावून घेणाऱ्या चाचण्यांतून मिळवावे लागेल आणि त्यासाठी पैसे खर्च करण्यात कोणत्याही कंपनीचा फायदा नाही.

परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू होत नाहीत याचा अनुभव चेन्नईने पूर्वीच घेतला आहे. आहार आणि व्यायामातील बदलाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेत २००२ मध्ये दिसले. डॉ. ए. रामचंद्रन यांनी हाच प्रयोग भारतीयांवर केला तेव्हा, २००६ मध्ये, ही घट २८.५ टक्के निघाली. आणि तीही लोकांचे वजन फारसे न उतरता. वजन हा येथे सूत्रधार नाही, याची ती पहिली ठळक खूण होती.

पाचव्या प्रकाराचे नाव टिकेल की १९९९ प्रमाणे पुन्हा पुसले जाईल, हे येत्या काही वर्षांत गोळा होणाऱ्या पुराव्यावर ठरेल. तो गोळा करण्याची सर्वांत अनुकूल जागा अजूनही तीच सहा गावे आहेत. तेथे ज्या मुलींचा जन्म या अभ्यासात नोंदला गेला, त्यांना २०१२ पासून, लग्नाच्या आधीच, बी-१२ ची रोजची अल्प मात्रा देण्याचा प्रयोग झाला. ज्या मातांना ती मिळाली त्यांच्या मुलांच्या बौद्धिक विकासात दोन वर्षांच्या वयात अनुकूल फरक दिसल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. संख्या लहान आहे, त्यामुळे उत्साह आवरता ठेवणेच बरे. या मुलांच्या साखरेविषयी काही सांगता येण्यास ती विशीत पोहोचावी लागतील. म्हणजे आणखी दहा-पंधरा वर्षे कोणीतरी त्यांची उंची, वजन आणि रक्त नेमाने मोजत राहावे लागेल, आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणीतरी तेवढ्याच नेमाने देत राहावा लागेल.